कंटेसा, कंधारपर्यंत

लातूर

दादाचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरात, मागच्या खोलीतली लोखंडी कॉट कुणाला देऊन टाकावी या विचारात बसले होते. सासूबाई दोन वर्षं त्या कॉटवर होत्या. दिवाळी झाली आणि गेल्या. तेरावं आटोपलं, माणसं पांगली, आणि मला वाटलं, आता तरी झोप लागेल. ती काही लागली नाही. त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली की पहाटे डोळे आपोआप उघडत, आणि मग दिवसभर अंग भिजलेल्या गोधडीसारखं जड.

"अलके, नांदेडला जुन्या गाड्यांचा लिलाव आहे," दादा म्हणाला. "त्यात एक कंटेसा आहे. मला ती हवी आहे. तू चल माझ्याबरोबर."

दादा माझा थोरला भाऊ. लातूरला ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं, मुलगा परदेशात. त्यानंतर दादानं घराबाहेर पडणंच सोडलं होतं. फोन केला तर "बरं आहे", "चाललंय", एवढंच. सगळ्या आयुष्यात त्याच्या तोंडून 'हवी आहे' हे शब्द मी ऐकले नव्हते. शर्टसुद्धा वहिनी आणील तो घालायचा. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये. तुलाही बदल होईल." मला बदल नको होता, गादी हवी होती. पण गेले.

लातूर म्हणजे मुलांचं गाव. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात हार आणि चेहऱ्यावर जागरण. पहाटेपासून क्लासला जाणाऱ्या सायकली आणि स्कूटी. आमच्या सांगलीत त्या वेळेला फक्त दूधवाले उठलेले असतात. दादाच्या घरात मात्र सगळं थिजलेलं होतं. कॅलेंडर वहिनी गेली त्या वर्षीचं, वहिनीच्या चपला रॅकमध्ये तशाच. टेबलावर लिलावाचं पत्रक तेवढं नवं. त्यावर जांभळट लाल रंगाची लांबलचक गाडी आणि खाली छापलेलं, 'क्लासिक स्पोर्ट्स सलून, संपूर्ण नूतनीकरण केलेले'.

"घेऊन करणार काय?" मी विचारलं.

"चालवणार."

"कुठं?"

त्यानं जरा विचार केला. "ते नाही ठरवलं," म्हणाला.

नांदेड

परत येताना गाडीतूनच यायचं म्हणून आम्ही एसटीनं गेलो. नांदेडच्या बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्याला दादानं लिलावाचं ठिकाण सांगितलं. त्याला कळेना. मग दादानं पत्रक दाखवलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "सलून? दाढी-कटिंगचं हाय का, काका? मग इतक्या लांब कामून जाऊन राहिलाव? हितं कोपऱ्यावरच हाय की."

दादा हसला. मी त्याच्याकडे बघितलं, कारण ते हसणं मी विसरले होते.

"लिलाव आहे रे गाड्यांचा," तो म्हणाला.

"आसं, हर्रास म्हणा ना! लॉन्सवर. बसा."

लिलावाला इकडे हर्रास म्हणतात. निजामाच्या राजवटीतले असे कितीतरी शब्द इथं भाजी-भाकरीइतके रोजचे आहेत. आमच्याकडे कुणी बोललं तर लोक वळून बघतील.

गावाबाहेर एका मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर गाड्या मांडल्या होत्या. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं असावं. कमानीवरची झेंडूची फुलं सुकून लोंबत होती आणि त्याच कमानीखाली एक जीप उभी केली होती. गाड्यांचे मालक बापू. त्यांचं नांदेडला कापसाचं जिनिंग होतं. ते बंद पडल्यावर रिकाम्या शेडमध्ये ते मोडक्या गाड्या आणून दुरुस्त करत बसायचे. आता शेड पाडून मुलं तिथं इमारत बांधणार होती, म्हणून हा हर्रास. ही सगळी माहिती बापूंच्या थोरल्या मुलानं आम्हाला चहा देता देता सांगितली. तो गोड बोलणारा, नीटनेटका माणूस होता.

कंटेसा सगळ्यात शेवटी उभी होती. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण ती सुंदर होती. लांब नाक, बसकी, रुंद, रंग पिकल्या जांभळासारखा. एखादी उंच बाई मांडी घालून पंगतीत बसावी तशी त्या हिरवळीवर बसलेली. शेजारी धोतर, वर स्वेटर, कानाला मफलर अशा वेशात एक म्हातारे गृहस्थ फडक्यानं आरसा पुसत होते. हेच बापू.

"इंजिन कसं आहे?" दादानं विचारलं.

"एकदम नवं करून घेतलंय, सर," मुलगाच म्हणाला. "बापूंनी स्वतःच्या हातानं. सगळं खोलून."

बापूंनी मान वर केली नाही. स्वच्छ आरसा पुसत राहिले. मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला तेव्हा हळूच म्हणाले, "लातूरहून आलात जी? लई लांब. गाडी दिसायला चांगली हाय. न्हाई घेतली तरी चालतंय, सर. बगायचे पैसे थोडेच हायेत."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव तुटतोय, विकवत नाही. दादालाही तसंच वाटलं. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो तेव्हा तो म्हणाला, "आपल्या हातानं उभी केलेली वस्तू. त्रास होणारच." वाढणारे सरदारजी अस्सल मराठीत "घ्या ताई, अजून एक घ्या" म्हणत पोळी दोन्ही हातांवर ठेवत होते. मी बऱ्याच दिवसांनी अशा पंगतीत जेवले जिथं मला उठून कुणाला भरवायचं नव्हतं. डाळ संपली तरी ताटावर बसून राहिले. शेवटी दादानं ताट उचललं.

हर्रास

सकाळी लॉजच्या खाली सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दाण्याचं कूट आणि मिरची लावून परततात, त्याला हे नाव. दादानं दोनदा मागवली. मी नावाचा उगम विचारला तर हॉटेलवाला म्हणाला, "आमच्या आजीच्या आधीपासून सुशीलाच हाय ती."

लिलाव पुकारायला हैदराबादचा कुणी इंग्रजी बोलणारा माणूस असेल अशी माझी कल्पना होती. उभा राहिला तो मोंढ्यात, म्हणजे इथल्या बाजार समितीच्या आवारात, हळदीचा हर्रास करणारा माणूस. पांढरी टोपी, भरदार आवाज. पोत्यावर थाप मारावी तशी तो प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर थाप मारायचा आणि बापूंचा मुलगा दर वेळी डोळे मिटून घ्यायचा.

"बोला मालक, बोला! माल बगा, रंग बगा! एक वार..."

जीप गेली, दोन जुन्या फियाट गेल्या. कंटेसाची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सुरुवातीला क्रमांकाचे फलक धरलेले पाच-सहा हात वर होत होते, मग दोनच उरले. एक दादाचा. दुसरा आमच्या पुढच्या रांगेतल्या एका जाडजूड गृहस्थाचा. ते तेलंगणातले, निजामाबादकडचे. तिथं त्यांचा फंक्शन हॉल होता. फोनवर कुणाशी तेलुगूत बोलायचे आणि शेजाऱ्याशी दखनीत. मघाशीच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "अपने को चलानी थोडी है, भई. इंजन-विंजन निकाल के बगीचे में रख देंगे. दुल्हा-दुल्हन बैठेंगे, फोटो लेंगे."

मी बापूंकडे बघितलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. हे ऐकून त्यांनी मान हलवली, जशी एखादं स्थळ बरं निघाल्यावर हलवावी. मला ते विचित्र वाटलं.

आकडा चढत गेला. दादाचा हात वर जाई, त्या गृहस्थांचा जाई, परत दादाचा. मग एकदा त्यांनी हात वर केला आणि दादाचा मांडीवरच राहिला. त्यानं मनाशी ठरवलेली सीमा आली होती.

"एक वार," मोंढ्याचा माणूस ओरडला.

 दादाच्या खांद्यांतला ताठा हळूहळू उतरला, आणि तो परत टेलिफोनवरचा 'बरं आहे' वाला माणूस दिसायला लागला.

"दोन वार!"

मी का तसं केलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन वर्षं मी एका माणसाला रोज थोडं थोडं विझताना बघितलं होतं. परत एकदा बघायचं त्राण माझ्यात नव्हतं. दादाच्या मांडीवरचा क्रमांकाचा फलक मी उचलला आणि वर धरला.

निजामाबादच्या गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, हसले, आणि हात जोडले. "ले लो, अम्मा," म्हणाले.

"तीन वार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा माझ्याकडे बघतच राहिला. बापू खुर्चीवर बसले.

सोनखेडच्या पुढं

कागदपत्रांत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. निघताना बापू एक पिशवी घेऊन आले. "सर, आमचं गाव कंधार. मालकीण तिकडंच असती. वाटंत लोह्यापर्यंत येऊ का तुमच्यासंगं? तिथून मी जाईन एसटीनं."

"या की," दादा म्हणाला. "सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठराखण हवीच."

बापू हसले नाहीत. मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

दादा गाडी हाकायला बसला आणि मला माझा तरुण भाऊ दिसला. नांदेड मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळं रान, काढलेल्या तुरीचे ढीग, हरभऱ्याचे हिरवे पट्टे, मध्येच करडईचा पिवळा तुकडा. आमच्याकडे उसाच्या भिंतींनी रस्ता कोंडलेला असतो. इथं आकाश जमिनीला टेकेपर्यंत दिसतं. मोटारसायकलवाले बाजूला येऊन बघत, अंगठा दाखवत. दादा गाणं गुणगुणत होता. मी डोळे मिटले.

सोनखेडच्या पुढं वास आला. करपल्यासारखा, गोडसर. मग बॉनेटखालून पांढरी वाफ. दादानं गाडी कडेला घेतली. आम्ही उतरलो. मला वाटलं बापू धावत पुढं जातील, बॉनेट उघडतील. ते उतरले आणि बाभळीखालच्या दगडावर जाऊन बसले.

"बापू, काय झालं हिला?" दादानं विचारलं.

"इंजनच्या हेडला चीर हाय," ते म्हणाले. "जुनीच. वेल्डिंग मारून बसवलंय. थोडं चालतंय, मंग पाणी पिऊन टाकतंय."

दादाला अर्थ लागायला वेळ लागला. "पण तुमचा मुलगा म्हणाला, नवं इंजिन..."

"त्याला न्हाई ठाव. मीच सांगितलं त्याला, सगळं केलंय म्हणून." त्यांनी दोन्ही हात पुढं धरले. ते थरथरत होते, गारठ्यानं थरथरावेत तसे, आणि ऊन तर चांगलं होतं. "दोन साल झाले. पाना धरला की निसटतंय. बाहेरून रंग-बिंग माणसं लावून करून घेतलं. आतलं मीच करनार म्हणून बसलो, कुणाला हात लावू दिला न्हाई. लोक येऊन 'वा बापू' म्हणून राहिले. आता जमत न्हाई, हे कुणाला सांगू?"

मला इतका संताप आला की थकवा कुठल्या कुठं गेला. "मग हर्रास व्हायच्या आधी बोलायचं होतं!" मी ओरडले. "हा माणूस दीड वर्षानं घराबाहेर पडलाय. त्याला सांगता आलं नाही तुम्हाला?"

"सांगनार होतो, ताई. मंग तो हॉलवाला आला. त्याला इंजनच नको होतं. मी म्हणलं, देवानं सोडवलं. कुणाचं नुकसान न्हाई, आपलीबी झाकली मूठ." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग तुम्ही हात वर केला."

 एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं सगळ्यांच्या अंगावर धूळ आली.

"मी पोराला फोन करतो," बापू म्हणाले. "परत घेईल तो. त्याच्यासाठीच आलो तुमच्यासंगं. वाटंत बंद पडंल, तवा कुनीतरी पाहिजे सांगायला."

दादा अजून उभाच होता, बॉनेटवर तळहात ठेवून. चटका बसला असणार. हात झटकून म्हणाला, "आधी हिला सावलीत तरी नेऊ."

कंधार

तुरीची पोती टाकून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला आणि आम्हाला ओढत कंधारला नेलं. बापूंच्या घरापुढं गाडी आली तेव्हा त्यांच्या पत्नी, सोजरबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी दोराकडे बघितलं, गाडीकडे, मग नवऱ्याकडे.

"सांगितलं का खरं?" त्यांनी विचारलं.

"हाव," बापू म्हणाले.

"बरं झालं. हातपाय धुवा."

त्यांच्यापुढं कुठलं नाटक चाललं नसणार. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही लई दमलेल्या दिसता. आधी जेवा. भांडण मागून." ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी वरून लसणाची फोडणी ओतलेली, कच्चा कांदा. आमच्याकडे भाकरी पातळ. इथली जाड, मऊ, आणि ती भाजीत कुस्करूनच खायची. जेवल्यावर त्यांनी आतल्या खोलीत गादी घातली. मी नुसतं टेकायचं म्हणून आडवी झाले.

उठले ती दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीतून पायांवर आल्यावर. पहाटे डोळे उघडले नव्हते. कुणी उठवलं नव्हतं. सोजरबाई म्हणाल्या, "दोनदा येऊन श्वास चालू हाय का बगून गेले."

अंगणातून वादाचा आवाज येत होता. बॉनेट उघडं होतं आणि दोन्ही म्हातारे आत वाकले होते.

"उलटं, सर, उलटं फिरवा!"

"उलटंच फिरवतोय!"

"मंग जोर लावा. हात धड असून उपयोग काय?"

तेवढ्यात बापूंचा थोरला मुलगा नांदेडहून आला. चेहरा उतरलेला. त्यानं दादाची माफी मागितली, बापाकडे न बघता. मग म्हणाला, "सर, गाडी परत घ्यायला मी तयार आहे. शिवाय ते हॉलवाले आजही घ्यायला तयार आहेत. आहे त्या भावात, आहे तशी. तुमचं काहीच नुकसान होणार नाही."

मी दादाला बाजूला घेतलं. "दे की, दादा. सुटलास तू. बापूंचीही लाज राहील."

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर काळा ओरखडा होता. मग तो मुलाकडे वळला. "हे हेड नवं मिळेल का कुठं?"

"हैदराबादला बघावं लागेल, सर. मिळालं तर. पण बसवणार कोण? बापूंना तर..."

"ते सांगतील. मी बसवीन."

बापू बॉनेटला टेकून उभे होते.  त्यांनी मफलरचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग त्याच टोकानं पाना पुसायला लागले. मुलगा पहिल्यांदाच बापाच्या हातांकडे नीट बघत होता. जवळ गेला आणि पाना त्यानं काढून घेतला. "मला सांगायचं ना, बापू," एवढंच म्हणाला.

मी एकटीच एसटीनं लातूरला निघाले. दादा थांबला.

परत लातूर

पुढचं थोडक्यात सांगते. हेड मिळालं, पण हैदराबादला नाही, उदगीरच्या एका भंगारवाल्याकडे. ते बसलं, नीट बसलं नाही, पुन्हा काढलं. हे लिहितेय तोपर्यंत गाडी लोह्यापर्यंत जाऊन कंधारला परत आली आहे. लातूर तिनं अजून बघितलेलं नाही. दादालाही घाई दिसत नाही.

पण मला सांगायचंय ते मी कंधारहून परतले त्याच आठवड्यातल्या एका दुपारचं. मी दादाच्या घरात त्याची वाट बघत थांबले होते. घर झाडलं, नवं कॅलेंडर लावलं, आणि उरलेला वेळ झोपले. दार वाजलं, दादा उभा. दाढी वाढलेली, शर्टाला ग्रीस, नखं काळी. मला वाटलं, भ्रम फिटला, आला परत.

"कपडे न्यायला आलोय," तो म्हणाला. "आणि माझा चष्मा, जवळचा."

मी पिठलं-भाकरी केली. त्यानं उभ्यानंच खायला सुरुवात केली, मग बसला. सोजरबाई त्याला कसं ओरडतात ते सांगितलं, बापूंचा मुलगा दर दोन दिवसांनी येतो ते सांगितलं. वहिनीच्या चपलांपाशी थांबला, त्या उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि वरच्या कप्प्यात ठेवल्या. 

पिशवी भरून झाली. रिक्षा दारात आली होती. मी नेहमीच्या सवयीनं सूचना सुरू केल्या. रक्तदाबाची गोळी, मफलर, जेवणाची वेळ, थंडीत बाहेर वाकून बसू नकोस. मी इथंच थांबते, काही लागलं तर फोन कर.

दादानं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. काळी नखं, ग्रीसचा वास.

"अलके," तो म्हणाला, "तू फार दमली आहेस गं. आता घरी जा."

दोन वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला 'किती केलंस' म्हटलं होतं, 'पुण्य लागेल' म्हटलं होतं. 'जा' असं कुणी म्हटलं नव्हतं. रिक्षा वळून गेली तरी मी पायरीवर बसून होते. रडून झालं, तोंड धुतलं, आणि आमच्या ह्यांना फोन करून सांगितलं, उद्या निघते.